दुरुस्त झालेली सायकल
बडोद्याच्या दांडिया बाजारातून कचेरीला निघालेल्या कारकुनाची सायकल कालच पंक्चर काढून आलेली असते, आणि आज चाक पुन्हा बसते. हजेरी चुकते, शिव्या कारागिराला. पण पुष्कळदा ठिगळ शाबूत असते. काटाच टायरमध्ये राहिलेला असतो. ट्यूब पाण्यात धरून भोक शोधावे, व्हॉल्व्हपासून तितक्याच अंतरावर टायरच्या आतून बोट जपून फिरवावे.

पायडलचे दुखणे निराळे. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. दुकानातल्या पोराने घाईत उजवे पायडल डावीकडे दामटून पिळले, की क्रँकचे आटे मरतात आणि पायडल भर रहदारीत निखळते. हा दोष मात्र खास दुकानाचा. दोन्ही पायडले पैसे देण्यापूर्वीच हलवून पाहावीत.