जगतापांची गोष्ट

विज्ञान दिनाला इथे कोपरगावात एका कॉलेजमध्ये बोललो होतो. त्या भागात मागे पंख्याचा आवाज फार आलाय, अशी तक्रार बऱ्याच जणांनी केली. म्हणून ते भाषण इथे लिहून टाकतोय. बोललो तसंच ठेवलंय, चार वाक्यं फक्त सरळ केलीत.

तर सुरुवात एका नावापासून. नारायण विनायक जगताप. ऐकलंय कुणी? नाही ना? बरोबर आहे. या हॉलमध्ये दोन-तीन जगताप नक्की बसलेले असतील. आपल्या हजेरीपटावर सहज सापडेल असं हे आडनाव. पण या जगतापांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत पहिला नंबर काढला. कथेचं नाव ‘कृष्णविवर’.

आणि हे जगताप अस्तित्वातच नव्हते!

कथा लिहिली होती जयंत विष्णू नारळीकरांनी. ज. वि. ना. ही अक्षरं उलटी करा. ना. वि. ज. झालं ना? झाले नारायण विनायक जगताप.

आता नारळीकर तेव्हा कोण होते ते बघा. जन्म 1938 चा, कोल्हापूरचा. बालपण बनारसमध्ये, कारण वडील तिथल्या हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. मग केंब्रिज. तिथे फ्रेड हॉएल यांच्या हाताखाली 1963 ला पीएच.डी., आणि पुढच्याच वर्षी गुरू-शिष्यांचा गुरुत्वाकर्षणावरचा सिद्धांत जगभर गाजला. 1965 ला पद्मभूषण, वय वर्षं 26! 1972 ला ते भारतात परतले आणि मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करू लागले.

अशा माणसानं स्पर्धेला कथा पाठवली असती तर परीक्षकांनी काय केलं असतं? मनात म्हणाले असते, एवढ्या मोठ्या माणसाला नंबर कसा नाकारायचा? नारळीकरांना नेमकं तेच नको होतं. बरं, परिषदेतल्या लोकांना त्यांचं अक्षर ओळखीचं. मग पत्नी मंगलाताईंनी, त्या स्वतः गणितज्ञ, सगळी कथा आपल्या अक्षरात उतरवून काढली. आणि या कथेची सुरुवात कुठे झाली? एका परिषदेत कंटाळवाणं भाषण चालू असताना! म्हणजे आत्ता तुमच्यापैकी कुणी वहीत काही खरडत असेल, तर माझी हरकत नाही. (हशा)

पुढच्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी या नव्या वाटेची दखल घेतली. मग ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ अशी पुस्तकं येत गेली. गुरू हॉएल स्वतः विज्ञान कादंबऱ्या लिहायचे, त्यामुळे शास्त्रज्ञानं गोष्ट लिहिणं नारळीकरांना कमीपणाचं वाटत नव्हतं.

नावं बघा हं. यक्ष, वामन, भस्मासूर. आपल्या गावाला हे नवीन नाही. पलीकडे बेटावर शुक्राचार्यांचं मंदिर आहे, आणि मेलेल्याला उठवणाऱ्या संजीवनी विद्येची गोष्ट आपण शाळेत जायच्या आधीच ऐकलेली असते. पण नारळीकरांनी पुराणातलं नाव घेतलं म्हणून ‘पूर्वी आपल्याकडे हे सगळं होतंच’ असं कधी म्हटलं नाही. गोष्ट ती गोष्ट, पुरावा तो पुरावा. ‘वामन’मध्ये जमिनीखाली एका जुन्या, पुढारलेल्या संस्कृतीचा ठेवा सापडतो. त्यातून माणसं एक अतिहुशार यंत्रमानव बनवतात, आणि त्याला स्वतःसारखे आणखी बनवायचे असतात. एआयवरचे रील्स बघून झाले की ही कादंबरी वाचा.

त्यांची ‘धूमकेतू’ही वाचा. पृथ्वीवर आदळू पाहणारा धूमकेतू वळवायला तिकडे शास्त्रज्ञ धडपडतायत आणि इकडे, ज्यानं तो शोधला त्याच्याच घरी, शांतीसाठी यज्ञ चाललाय. ते घर आपल्याला ओळखीचं वाटतं की नाही?

नाव झाकून तपासायची ही सवय त्यांनी पुढेही सोडली नाही. 2008 साली त्यांनी ज्योतिषाची चाचणी घेतली. सोबत डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे कार्यकर्ते होते. 100 हुशार मुलांच्या आणि 100 बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पत्रिका जमवल्या. कुठली कुणाची ते गुप्त. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या 40 द्यायच्या आणि विचारायचं, सांगा, यातलं मूल कोणत्या गटातलं? 51 ज्योतिषांनी तयारी दाखवली, उत्तरं 27 जणांनी पाठवली. बरोबर किती आली? सुमारे 46 टक्के. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती.

आणि हा नियम दुसऱ्यांपुरता नव्हता. विश्वाचा जन्म एका महास्फोटात झाला, हे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. नारळीकर शेवटपर्यंत त्यावर शंका घेत राहिले. पुरावे महास्फोटाच्या बाजूनं वाढत गेले, त्यांचा पर्याय मागे पडला. पण ते वाद घालत राहिले ते गणितानं आणि निरीक्षणांनी. ‘मी पद्मभूषण आहे, माझं ऐका’ असं म्हणून नाही.

1988 ला पुण्यात आयुका उभी राहिली, ते तिचे संस्थापक संचालक. मुलं सही मागायला आली की ते म्हणायचे, पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठव. उत्तर पाठवीन, खाली सही असेल. म्हणजे सही हवी तर आधी डोकं चालवा! 2021 ला शेजारच्या नाशिकला साहित्य संमेलन झालं, त्याचे ते अध्यक्ष. तब्येतीमुळे प्रत्यक्ष येता आलं नाही. 20 मे 2025 ला पुण्यात ते गेले.

आता माझं सांगतो. बारावीत असताना मी एक विज्ञानकथा लिहिली होती. गोदावरीचं पाणी एका रात्रीत उलटं वाहायला लागतं, अशी काहीतरी. मित्र म्हणाला, “अरे, कोपरगावात बसून कोण विज्ञानकथा लिहितं? पुण्यामुंबईचं काम आहे ते.” मला ते पटलं. वही रद्दीत गेली. स्पर्धेला पाठवून नापास झाली असती तर चाललं असतं. मी तर पाठवलीच नाही. त्याचं आजही वाईट वाटतं.

म्हणून जगताप मला नारळीकरांइतकेच आवडतात. तुम्ही म्हणाल, जगतापांच्या मागे केंब्रिजचं डोकं होतं. होतंच. पण परीक्षकांसमोर ते डोकं नव्हतं, फक्त कागद होते. कुणा अनोळखी जगतापाची कथा त्यांनी वाचली आणि पहिली काढली. नाव नसलेल्या माणसालाही नंबर मिळू शकतो, हे त्या दिवशी सिद्ध झालं. मित्राला मी तेव्हा हेच सांगायला हवं होतं.

तर आता काम तुमचं. एक गोष्ट लिहा, दोन पानं पुरे. विज्ञान पक्कं ठेवा, बाकी कल्पना मोकळी सोडा. कागदावर नाव घालू नका. आवडलेल्या तीन गोष्टी आपण पुढच्या भागात वाचू, आणि नावं वाचून झाल्यावरच विचारू.

टोपणनाव हवं असेल तर आपली अक्षरं उलटी करून बघा. भेटू पुढच्या भागात!