कंबरलंड खिंडींतील रानवाट

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा नकाशा समोर घेतला, तर अटलांटिक किनाऱ्यास जवळजवळ समांतर अशी ॲपलेशियन पर्वतांची लांबच लांब रांग नजरेस पडते. ही रांग एकेरी नव्हे. एक डोंगर चढून उतरावा तों पुढें दुसरा उभाच. त्यामुळें किनाऱ्यावर दीडशें वर्षें नांदलेल्या इंग्रज वसाहतवाल्यांना पलीकडील सुपीक मुलखाची बहुधा कीर्तीच ऐकूं येई. या भिंतींत, व्हर्जिनिया, टेनेसी व केंटकी या तीन संस्थानांच्या सीमा जेथें मिळतात त्या ठिकाणीं, सुमारें १,६०० फूट उंचीवर कंबरलंडची खिंड आहे. तींतून गेलेल्या रस्त्याला इंग्रजींत ‘वाइल्डरनेस रोड’ असें नांव आहे. मराठींत त्यास रानवाट म्हणावयास हरकत नाहीं.

ही वाट प्रथम कोणी पाडली? चाऱ्यासाठीं व खारट झऱ्यांच्या ओढीनें रानोरान हिंडणाऱ्या बायसन नांवाच्या रानटी जनावरांच्या कळपांनीं. त्यांच्या खुरांनीं मळलेल्या वाटेनें पुढें चेरोकी, शॉनी वगैरे मूळ रहिवासी शिकारीस व लढाईस जाऊं लागले. १७५० सालीं डॉ. थॉमस वॉकर या मोजणीदारानें खिंडीची लेखी नोंद केली. पुस्तकांतून यालाच ‘शोध’ म्हणतात. पण ज्यांचा तो रोजचा रस्ता होता, त्यांना ही बातमी ऐकून हंसूंच आलें असतें.

रस्त्याशीं कायमचें जोडलें गेलेलें नांव मात्र डॅनिएल बून या शिकाऱ्याचें. १७७३ सालीं तो कांहीं कुटुंबें घेऊन केंटकीकडे निघाला असतां वाटेंत मूळ रहिवाशांच्या टोळीनें केलेल्या हल्ल्यांत त्याचा थोरला मुलगा जेम्स मारला गेला, आणि मंडळी माघारी फिरली. दोन वर्षांनीं रिचर्ड हेंडरसन नांवाच्या एका महत्त्वाकांक्षी गृहस्थानें चेरोकींच्या पुढाऱ्यांपासून केंटकीचा फार मोठा भाग मालाच्या मोबदल्यांत विकत घेतला. हा करार मार्च १७७५ मधला. म्हणजे त्याच महिन्यांत इकडे राघोबादादा सुरतेस इंग्रजांशीं तह करीत होते. चेरोकींतील ‘ड्रॅगिंग कनू’ या तरुण नायकानें हा सौदा धुडकावला व पुढें वर्षानुवर्षें लढाई चालविली. खरेदीहि बेकायदाच होती. डोंगरापलीकडे वस्ती करूं नये असा इंग्लंडच्या राजाचा १७६३ चा जाहीरनामा होता, आणि १७७८ सालीं खुद्द व्हर्जिनियानेंच हेंडरसनचा हक्क रद्द ठरविला.

कागदावरील हक्क असा डळमळीत असला, तरी रस्ता झाला. सुमारें तीस कुऱ्हाडवाले घेऊन बून होल्स्टन नदीवरील लाँग आयलंडहून निघाला. मॉकसिन खिंड, क्लिंच नदी, पॉवेलचें खोरें आणि मग कंबरलंडची खिंड. पुढें कंबरलंड नदीचा उतार ओलांडून वेतासारख्या उंच गवताच्या दाट बेटांतून वाट काढीत उत्तरेस केंटकी नदीपर्यंत. एकंदर मजल सुमारें २०० मैलांची. मुक्काम जवळ आला असतां २५ मार्चला पहांटे छावणीवर हल्ला होऊन माणसें दगावलीं. तरीहि एप्रिलमध्यें नदीकाठीं बून्सबरोची वसाहत उभी राहिली.

याला रस्ता म्हणावयाचें तें मानानेंच. वीस वर्षें येथून चाक गेलें नाहीं. सामान घोड्यांच्या पाठीवर, मुलें कडेवर. तरी माणसांचा लोंढा थांबला नाहीं. १७९० च्या खानेसुमारींत केंटकीची वस्ती ७३ हजारांवर भरली, ती दहा वर्षांत २ लाख २० हजारांवर गेली. त्या ७३ हजारांत १२ हजारांहून अधिक गुलाम होते. नव्या भूमीच्या आशेनें निघालेल्यांच्या कथांत या लोकांचा उल्लेख कचितच सांपडतो, पण तीच चढण त्यांनींहि चढली, आणि तीहि स्वतःच्या इच्छेनें नव्हे.

१७९२ सालीं केंटकीस संस्थानाचा दर्जा मिळाला व १७९६ सालीं वाट रुंद करून गाड्यांना योग्य करावयाचें ठरलें. साठी ओलांडलेल्या बूननें गव्हर्नर आयझॅक शेल्बी यांस पत्र लिहून हें काम मागितलें. तें दुसऱ्यांस देण्यांत आलें. त्याच सुमारास त्याच्या केंटकींतील जमिनी सदोष मोजणी व कज्जेदलाली यांपायीं एकामागून एक हातच्या जात होत्या. १७९९ सालीं तो पश्चिमेस मिसूरीकडे निघून गेला व १८२० सालीं तेथेंच वारला.

विसाव्या शतकांत खिंडींतून मोटाररस्ता झाला. त्याच्या वळणांवर इतके अपघात होत कीं लोकांनीं त्याला ‘कत्तलीचा डोंगर’ असें नांव ठेविलें होतें. १९९६ सालीं डोंगराच्या पोटांतून जुळा बोगदा खुला होऊन वाहतूक तिकडे वळली. मग वरचा डांबरी रस्ता चक्क उखडून काढण्यांत आला, भराव घालून जमिनीचा जुना उतार साधण्यांत आला व दुतर्फा झाडें लावण्यांत आलीं. २००२ सालीं हें काम पुरें झालें, आणि खिंड पुन्हां पायीं चालणारांची झाली.