मालमोटारींचे राजकारण आणि आपले बंगळूर



जुन्या विमानतळाच्या रस्त्याने आपण नित्य जातो-येतो. तेथील विमानकारखाना सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढला, हेही आपण अभिमानाने सांगतो. परंतु विमानांच्या आधी वालचंदांना हव्या होत्या मोटारी आणि मालमोटारी. त्यांचीच कथा आज आम्हांस आपणापुढे मांडावयाची आहे.

कारखान्याची मूळ योजना सर विश्वेश्वरय्यांची. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेला, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात उमेदीची वर्षे घालविलेला हा पुरुष. त्याला आपण निम्मा मराठी मानले, तर म्हैसूरकरांनी रागावू नये! 1935 मध्ये ते युरोप-अमेरिकेतील कारखाने पाहून आले. मुंबईच्या खेर मंत्रिमंडळाने योजनेस अनुकूलता दर्शविली. पण 1939 मध्ये युद्ध पेटले, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो आधार सुटला. वालचंद म्हैसूरकडे वळले. दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी त्यांचे स्वागतच केले.

येथून पुढे प्रश्न व्यापाराचा उरला नाही, मुत्सद्देगिरीचा झाला. यंत्रे आणि तंत्रज्ञ यावयाचे अमेरिकेतून, आणि अमेरिका तर डिसेंबर 1941 पर्यंत तटस्थ! तिच्या नोव्हेंबर 1939 च्या कायद्यान्वये युद्धमान राष्ट्रांनी माल रोखीने घ्यावा आणि आपल्याच जहाजांतून न्यावा, असे ठरले. साहजिकच डॉलरला सोन्याचे मोल आले, आणि हिंदुस्थानच्या डॉलरांच्या किल्ल्या लंडनच्या कनवटीला. 1940 मध्ये क्रायस्लर कंपनी सहकार्यास राजी झाली; पण डॉलर कोण देणार? संस्थानाला परराष्ट्राशी परस्पर बोलण्याचा अधिकार नव्हता. रेसिडेंटमार्फत दिल्लीचा कौल घ्यावा लागे. दिल्लीचे म्हणणे असे की, या कारखान्याचा युद्धकार्यास तत्काळ उपयोग नाही. सैन्यासाठी मालमोटारी सातासमुद्रांपलीकडून येत होत्या, त्या युद्धकार्याच्या. येथे घडल्या असत्या, तर मात्र नव्हेत! युद्धोत्तर बाजारपेठ विलायती कारखानदारांसाठी राखण्याचा हेतू त्यामागे होता, असे आमचे मत आहे. असले हेतू कागदावर कोण उतरवितो?

गंमत अशी की, याच सरकारने विमानांना मात्र संमती दिली. 1939 मध्ये अमेरिकेहून निघालेल्या प्रवासात वालचंदांची विल्यम पॉली या अमेरिकन विमान-व्यावसायिकाशी गाठ पडली, आणि 23 डिसेंबर 1940 रोजी बंगळुरात ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ नोंदली गेली. फ्रान्स पडल्यानंतर सरकारला विमानांची निकड जाणवली होती. 1941 मध्ये सरकार म्हैसूर संस्थान व वालचंद यांच्या बरोबरीने भागीदार झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पहिले हार्लो शिकाऊ विमान बाहेर पडले. जपान जवळ येताच, 1942 मध्ये, सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन त्यांना बाजूस सारले.

मोटारींचा ध्यास मात्र त्यांनी सोडला नाही. 1944 मध्ये ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ स्थापन झाली. क्रायस्लरचेच सहकार्य, तोच उद्योजक. फक्त कारखाना उभा राहिला तो बंगळुरात नव्हे, मुंबईच्या कुर्ल्यास.