पाठभेद आणि पाठशुद्धी : मुखकर्करोगाचे जनुकवाचन



शाळेच्या या स्मृतिव्याख्यानमालेत मराठीच्या प्राध्यापकाने कर्करोगाच्या जनुकांविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु माझे आयुष्य हस्तलिखितांतील पाठभेद तपासण्यात गेले, आणि हा विषयही मुळात पाठभेदाचाच आहे.

मानवी पेशीत सुमारे ३०० कोटी अक्षरांची पोथी असते. पेशीचे विभाजन होताना तिची नक्कल होते, आणि नकलेत चुका राहतात. तंबाखू व सुपारी यांमुळे त्या वाढतात. त्यांतील काही चुका पेशीच्या वाढीवरचा लगाम तोडतात. मग गालफडात, हिरडीवर, जिभेवर वा घशात गाठ उभी राहते. त्या गाठीचा तुकडा घेऊन तिची पोथी वाचावी आणि सापडलेल्या चुकीनुसार त्याच रुग्णापुरते औषध योजावे, हे या नव्या विद्येचे ध्येय.

वाचन बरेच पुढे गेले आहे. अमेरिकेतील 'कॅन्सर जीनोम ॲटलस' प्रकल्पाने २०१५ साली डोके व मान या भागांतील २७९ गाठींचे वाचन प्रसिद्ध केले. धूम्रपानाशी निगडित गाठींत टीपी-५३ हे रक्षक जनुक जवळजवळ सर्वत्र बिघडलेले आढळले. मानवी पॅपिलोमा विषाणूमुळे होणाऱ्या गाठींचा पाठ मात्र निराळा निघाला. त्याआधी, २०१३ साली, कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था आणि टाटा स्मारक केंद्राची खारघर येथील संशोधनसंस्था यांतील शास्त्रज्ञांनी गालफड-हिरडीच्या कर्करोगाचे वाचन केले होते. त्यात टीपी-५३, कॅस्प-८, एच-रास या परिचित जनुकांबरोबर काही नवी नावेही पुढे आली. तंबाखू चघळणाऱ्या आपल्या समाजाचा हा आजार. त्याची प्रत आपण वाचणे अगत्याचेच होते.

मग अडते कोठे? शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ दूर केले. चूक सापडली, तेथे शुद्ध अक्षर घालता आले. वैद्याला ही सोय नाही. जनुक बेफाम झाले असेल, तर औषधाने त्याला आवरता येते. परंतु मुखकर्करोगात बहुधा रक्षक जनुकेच निकामी झालेली असतात. आणि हरवलेले परत आणणारे औषध नित्याच्या उपचारात अद्याप नाही. एच-रास हा अपवाद. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, या जनुकातील बदल ठळक असलेल्या २० रुग्णांपैकी ११ जणांच्या गाठी टिपिफार्निब या औषधाने लक्षणीय आकसल्या. पण हा बदल शंभरांतील मोजक्याच रुग्णांत असतो.

माझ्या धाकट्या बंधूंना हिरडीचा कर्करोग झाला, तेव्हा जनुकांचा अहवाल येईपर्यंत शस्त्रक्रिया लांबवावी, असा घरात आग्रह झाला. शल्यविशारदांनी स्पष्ट सांगितले, "गाठ आज काढता येते, महिन्याभराने येईलच असे नाही." शस्त्रक्रिया झाली. पुढे अहवाल आला; त्यात टीपी-५३चा बिघाड होता, औषधाचे नाव नव्हते. बंधूंनी विचारले, "दादा, मग वाचून काय साधले?" आज त्यांचे बोलणे थोडे अस्पष्ट आहे, पण ते समोर बसून जेवतात.

त्यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे : आजार उलटला, नेहमीचे उपाय सरले, तर हे वाचन एखाद्या नव्या औषधाच्या चाचणीचे दार दाखवू शकते, आणि आजच्या वाचनावरच उद्याचे औषध उभे राहील. मात्र त्यासाठी वेळेवरची शस्त्रक्रिया थांबवू नये, आणि अहवालातून कोणता निर्णय बदलणार आहे, हे वैद्यांना विचारल्यावाचून घरातले सोने मोडू नये.

येथे बसलेल्या शिक्षकांना एकच विनंती. तोंडातला पांढरा वा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, कमी उघडणारे तोंड ही चिन्हे मुलांना शिकवा. ती वाचायला यंत्र लागत नाही. आरसा आणि उजेड पुरतो. अपपाठ पोथीभर पसरण्यापूर्वी पहिल्याच पानावर दिसला, तर पाठशुद्धी आजही माणसाच्या हातात आहे.