गोळ्यांची खतावणी



२०१९ साली आमच्या आईला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी कॅपेसिटाबिनच्या गोळ्या दिल्या. १४ दिवस घ्यायच्या, ७ दिवस बंद, पुन्हा १४ दिवस. सकाळी ३, रात्री ३, जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत. "पोटात अन्न ठरत नाही आणि गोळ्या कसल्या देता?" आई म्हणे. मग पेज, मऊ भात, जे जाईल ते आधी.

बँकेत आम्ही रोज कॅश जुळवतो. घरी मात्र सगळा तोंडी कारभार! एका रात्री आम्ही म्हणालो दिल्या, पत्नी म्हणाली नाही दिल्या. आईला आठवेना. अंदाजाने पुन्हा देण्याचे धाडस झाले नाही. सकाळी डॉक्टर म्हणाले, "बरे केलेत. चुकलेली मात्रा सोडायची, पुढची दुप्पट करायची नाही." त्याच दिवशी शंभर पानी वही घातली : तारीख, वेळ, गोळ्या, सही. सही नातवाची. तो तेव्हा आठवीत होता, पण आमच्या अधिकाऱ्यांपेक्षा कडक.

पुढे त्याच वहीत तळहातांची आग, जुलाब किती वेळा, हेही तो आजीला विचारून लिहू लागला. दुसऱ्या सायकलला जुलाब वाढले. वही पाहून डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या व नंतर मात्रा कमी केली. आम्हाला आईने यातले काहीच सांगितले नव्हते. आमची रजा खर्ची पडेल म्हणून.