मन धास्तावते तेव्हा



जांब गावचे बाल समर्थ अडगळीच्या खोलीत बसून विश्वाची चिंता करीत होते, ही आख्यायिका आपण ऐकलेली आहे. आपली चिंता लहान असते. कचेरीतली तारीख, मुलीचा निकाल, लांबलेला पाऊस. छाती मात्र तितकीच धडधडते. अशा वेळी रांगेत उभ्या उभ्याच चार अंक मोजत नाकाने श्वास घ्यावा, सहा मोजत हळू सोडावा. सोडणे लांबले की ठोके मंदावतात. पाच मिनिटे तरी करावे. लगेच गुण येत नाही म्हणून कंटाळू नये. दर्शनानंतर आनंदी स्वामींच्या मंदिरात घटकाभर टेकतो, तसे बसून पायाखालची फरशी, कानावरची घंटा यांकडे लक्ष द्यावे.

छातीत कळ येऊन घाम फुटला, तर मात्र अंक मोजत बसू नये, दवाखाना गाठावा. आणि जगणेच नकोसे वाटले, तर घरात बोलावे. बोलवत नसेल, तर २०२२ पासून सरकारचा १४४१६ हा मोफत फोन आहे, रात्रीसुद्धा.