हिरव्या खुणेच्या पलीकडील अहिंसा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी सभेतील भाषण)



पन्नास वर्षांत या ट्रस्टने किती पंगती उठवल्या याची मोजदाद करणे कठीण आहे. मला मात्र आज पंगतीच्या मागील बाजूविषयी, म्हणजे पानातील पदार्थ कोठून येतो याविषयी बोलावयाचे आहे.

आपणांस २००१ सालचे मॅकडोनाल्ड्स प्रकरण आठवत असेल. अमेरिकेत ही कंपनी १९९० पासून बटाट्याचे काप वनस्पती तेलात तळत असल्याचे सांगत होती. परंतु त्या कापांना गोमांसापासून केलेला स्वाद लावला जात होता. सिएटल येथे शाकाहारी ग्राहकांच्या वतीने दावा दाखल झाला आणि २००२ मध्ये कंपनीने एक कोटी डॉलर देऊन तडजोड केली. भारतातील कापांत असा स्वाद नाही असे कंपनीने स्पष्ट केले, तरी ठाण्यातील तिच्या दुकानाची मोडतोड झालीच. काचा फोडून कोणत्याही जीवाचे रक्षण झाले नाही. दाव्याने मात्र कंपनीस उत्तर देणे भाग पाडले.

त्याच २००१ साली आपल्या देशात वेष्टनांवरील शाकाहारी-मांसाहारी खुणांचा नियम आला. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, पदार्थातील प्रत्येक घटक वनस्पतिजन्य आहे की प्राणिजन्य हे, त्याचे प्रमाण कितीही अल्प असले तरी, जाहीर करण्याचा आदेश दिला. हे स्वागतार्हच आहे. तथापि हिरवी खूण पदार्थात काय आहे एवढेच सांगते. तो देणारा प्राणी कसा जगला हे ती सांगत नाही. दूध नियमानुसार शाकाहारात मोडते, म्हणून दुधाच्या पिशवीवर हिरवा ठिपका असतो. गोठ्यातील म्हैस दिवसभर कोणत्या स्थितीत उभी होती, हे त्या ठिपक्यावरून कसे कळावे?

आपल्या सर्व परंपरांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्रात अहिंसाव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. म्हणजे जखडून बांधणे, मारहाण करणे, अवयव छेदणे, शक्तीबाहेर ओझे लादणे आणि चारापाणी तोडणे. यातील ‘वध’ म्हणजे येथे प्राण घेणे नव्हे, मारझोड होय. कारण हे जिवंत, पाळलेल्या प्राण्याविषयीचे नियम आहेत. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे अकरावे कलम वाचल्यास हेच पाचही दोष तेथे गुन्हे म्हणून आढळतात. बाराव्या कलमात तर दूध वाढविण्यासाठी जनावराच्या प्रकृतीस अपायकारक इंजेक्शन देणे हाही गुन्हा आहे.

या पाच कसोट्यांवर आपल्या पंगतीतील बासुंदी आणि श्रीखंड उतरते काय? नर रेडकाचा व्यापाराच्या हिशेबात उपयोग नसतो, म्हणून त्याच्या वाट्याचे दूध तोडले जाते. हा अन्नपाननिरोधच होय. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गायीबरोबरच बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी आहे. म्हैस त्या बंदीत नाही. आटलेली म्हैस गोठ्यातून कोठे जाते, हा प्रश्न म्हणूनच आपल्या दारापर्यंत येतो.

खरेदीदाराने विचारले की विक्रेता बदलतो, हा व्यापाराचा नियम आहे. ग्राहकांच्या आग्रहामुळेच २०१५ मध्ये त्याच मॅकडोनाल्ड्सने अमेरिका व कॅनडात दहा वर्षांत पिंजऱ्याबाहेरील कोंबड्यांचीच अंडी घेण्याचे जाहीर केले. तो व्यवहार आपल्या धर्मात बसत नाही. पण पुरवठादाराला जाब विचारण्याची रीत मात्र घेण्यासारखी आहे. आम्ही कापडवाले ताग्यावरील गिरणीची छाप पाहिल्याशिवाय माल उचलत नाही. मग दुधाच्या कॅनविषयी आपण इतके निःशंक का असावे?

म्हणून सुवर्णमहोत्सवानिमित्त माझी विनंती अशी की, ट्रस्टने केटररशी करार करताना चार प्रश्न लेखी विचारावेत. दूध, खवा व पनीर कोणत्या गोठ्यांतून येते? नर वासरे-रेडके पोटभर पितात काय? वऱ्हाडच्या वैशाखात जनावरांना सावली व पाणी मिळते काय? आटलेल्या जनावरांचे पुढे काय होते? उत्तरे मिळाल्यावर दोन विश्वस्तांनी गोठे प्रत्यक्ष पाहून यावेत.

यामुळे दूध महाग पडेल, हे मी व्यापारी म्हणून जाणतो. ज्या गोठेवाल्याने आटलेली म्हैस सांभाळावी अशी आपली अपेक्षा आहे, त्याला अधिक भाव देणे हे आपले कर्तव्यच ठरते. त्यासाठी पंगतीतील एक मिठाई कमी करावी लागली तर ती अवश्य करावी. एका मिठाईच्या त्यागाने एखाद्या रेडकाच्या वाट्याचे दूध त्याला मिळणार असेल, तर त्या पंगतीत अधिक काय वाढावयाचे राहिले?

जय जिनेंद्र.